दोन बोटं कागद

जुनी पुस्तकं आणि जुन्या सह्या जमवणारा माणूस ज्या घरात असतो, त्या घरात पाहुणे फार टिकत नाहीत. आमच्याकडे तर त्यांना बसायलाच जागा नसते. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यातली एक खोली माझ्या संग्रहाची. उरलेल्या एकीत मी, बायको, माझी आत्या आणि खिडकीतून येणारी राख. राख रोज येते. पुस्तकांवर बसते, पोह्यांवरही बसते. बायको म्हणायची, "तुमच्या पुस्तकाईले दुसरं कोणी हात लावो नाही लावो, राख तरी वाचून राहिली."

दर रविवारी मी बस बदलत वाडीला जायचो. तिथल्या गोदामांत ट्रकांनी रद्दी येते, आणि फाडून लगदा व्हायला पुढे जाते. त्या मधल्या दोन-चार दिवसांत माझ्यासारखे तीन-चार रिकामटेकडे तिच्यात हात घालतात. कोणाला कशाची हौस, कोणाला कशाची. मला सहीची. पुस्तकाच्या पहिल्या पानावरची, पत्राखालची, हुकमाखालची. एका संस्थानाच्या दिवाणांची सही माझ्याकडे आहे. एका न्यायाधीशांनी स्वतःच्या सासऱ्यांना सही करून दिलेलं कायद्याचं पुस्तक आहे, आणि त्याची जोडून आलेली पानं सासऱ्यांनी कधी कापून उघडलीच नाहीत. एका हेडमास्तरांनी 'रजा नामंजूर' एवढं लिहून खाली केलेली सही तर अशी झोकदार आहे की मला रजा नाकारली गेली असती तरी मी खूश झालो असतो. हे सगळं मी बटर पेपरमध्ये, वेखंडाच्या पुड्या घालून ठेवलं होतं. एक वही होती. तिच्यात कागद कसला, कुठे मिळाला आणि सही कोणाची, असे तीन रकाने.

एकदा मी एक बनावट सही पकडली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रावर बॉलपेन. आंधळ्यालाही कळलं असतं, पण मी ती गोष्ट वसाहतीत सहा महिने सांगत होतो. सही ओळखण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. बोलायचो मीच.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढची. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परत आली ती आलीच. आई नोकरीला जायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून मारण्यापर्यंत सगळं आत्यानंच केलं. अलीकडे काचबिंदूनं तिची नजर गेली होती. दिसत नसलं तरी घरातलं सगळं तिला कळायचं, आणि ते ती बोलूनही दाखवायची.

मागच्या दिवाळीआधी आमच्या इथल्या वाचनालयानं जुन्या कागदपत्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि मला एक टेबल दिलं. आठ फ्रेम. मी घरभर छाती काढून हिंडत होतो. आत्यानं पेटी उघडायला लावली, तळातून चाचपून एक घडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"हे बी ठेव बाबू तिथं. नीट सांभाळजो. त्यात माही आजी आहे."

मी म्हटलं, हो आत्याबाई. म्हातारी माणसं बोलतात असं.

कागद मोडी लिपीत होता. मोडीचा आठ दिवसांचा वर्ग मी केला होता आणि त्यातून मला वरचा 'श्री' ओळखता येऊ लागला होता. तेवढ्या भांडवलावर मी तो कागद चष्मा वर-खाली करत तपासला. मजकूर दाट, शाई काळीभोर. सगळ्यात खाली नजर टाकली, कारण मी प्रत्येक कागद खालून वाचतो. सही नव्हती. एक वेडंवाकडं वर्तुळ होतं, कोणी ओला पेला ठेवावा तसं, आणि त्याच्या शेजारी पाच-सहा अक्षरं. मी वहीत लिहिलं: 'घरगुती कागद. आत्याकडून. सही नाही.'

दिवाणांच्या पत्राला बटर पेपर होता. आत्याच्या कागदासाठी मी शहरातल्या सदरमध्ये कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. घरचाच कागद, लॅमिनेशन केलं की कटकट मिटली.

दुकानदारानं कागद पाऊचवर धरून पाहिला. "भाऊ, हा बसून नाही राहिला. मोठा पाऊच खतम आहे, उद्या येईन."

"उद्या मला फ्रेम लावायच्या आहेत."

"मंग खालून दोन बोटं कापावा लागन. चालते का पाहा. खाली काही कामाचं आहे का?"

मी तज्ज्ञासारखं वाकून पाहिलं. त्यानं विचारलं तरी होतं, हे मला आजही आठवतं. मी म्हणालो, "काही नाही. डाग आहे. काप."

कटरचा आवाज झाला. पट्टी टेबलाखालच्या खोक्यात पडली. मशीनमधून कागद गरम, चकचकीत आणि कायमचा बाहेर आला.

प्रदर्शन तीन दिवस चाललं. माझ्या टेबलासमोर जे थांबले त्यातल्या एकानं बाथरूम कुठे आहे ते विचारलं. शेवटच्या दिवशी एक काका आले. लकडगंजात लाकडाच्या दुकानावरच्या खोलीत राहणारे, सरकारी दफ्तरखान्यातून रिटायर झालेले. मोडी ते वर्तमानपत्रासारखं वाचायचे. दिवाणांवरून ते सरळ पुढे गेले आणि आत्याच्या कागदापाशी उभे राहिले. ओठ हलत होते. मग मला म्हणाले, "हे कोणाचं?"

"आमचंच. माझ्या आत्याच्या आजीच्या वेळचं काहीतरी."

"वेळचं नाही, आजीचंच आहे." आणि त्यांनी वाचून दाखवलं. नवरा वारल्यावर एका बाईनं दिरांना लिहून दिलं होतं की शेतातला वाटा मला नको, घरातला नको. मुलगा माझ्यापाशी राहील. मी त्याला शाळेत घालीन. त्यास कोणी अटकाव करू नये.

तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. शाळेत गेले, कारकून झाले. मग बाबा कारकून, मग मी. तीन पिढ्या आम्ही ज्या टेबलांवर बसून लोकांना 'इथं सही करा' म्हणत आलो, ती टेबलं या कागदानं दिली होती.

"निशाणी कुठं आहे?" काकांनी विचारलं.

"कसली?"

"अहो, लिहिता न येणारा माणूस सही कशी करन? कुणब्याचा नांगर, सुताराची वाकस, बाईची बांगडी. खाली गोल काढायचा अन् बाजूला लिहायचं, निशाणी बांगडी. विधवा असली तरी बांगडीच. हातात राहो न राहो, कागदावर राहायची." त्यांनी फ्रेम तिरपी केली. "इथं तर कागद कापलेला दिसून राहिला. कोण्या बह्याडानं कापला?"

मी म्हणालो, "कोणास ठाऊक." माझा आवाज मात्र अगदी जाणकाराचा होता.

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून सदरला गेलो. खोकं रिकामं. दुकानदार म्हणाला, रद्दी तर परवाच वाडीले गेली. वाडीला गेलो. ज्या ढिगांत मी इतकी वर्षं दिवाण आणि न्यायाधीश शोधले, त्यांत दोन बोटं रुंदीची पट्टी शोधत संध्याकाळपर्यंत बसलो. परीक्षेचे पेपर, लग्नपत्रिका, औषधांची खोकी. गोदामाचा हमाल दोनदा येऊन पाहून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "साहेब, नोट हरवली का?" मी नाही म्हटलं. मग काय हरवलं, त्यानं विचारलं. मी पुढचा गठ्ठा ओढला. दुसऱ्या दिवशी तो ढीग गेला.

इकडे आत्या रोज विचारायची, "आला का रे कागद?"

"प्रदर्शन चालू आहे अजून, आत्याबाई. वाढवलं त्यांनी."

"एवढं काय पाहून राहिले लोकं?"

"फार गर्दी आहे."

"असं का. आजीले गर्दी नाही आवडे. पण होईन सवय."

तीन दिवसांचं प्रदर्शन मी दोन महिने चालवलं. पौषात आत्याला खोकला लागला, तो छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, वय पाहा आता. तेव्हा तिनं तो पहिल्यांदा मागितला. "बाबू, तो कागद आण. मले एकदा बोट फिरवू दे तिच्यावर. लहानपणी ती माहं बोट धरून फिरवे. म्हणे, हे पाह, हे मी होय."

बायकोला त्या दुपारी मी सगळं सांगितलं. ती पोळपाटावर हात टेकून उभी राहिली. "अन् मले म्हणता, तुले सही कळत नाही." मग म्हणाली, "सांगून टाका त्याईले. सरळ."

सरळ सांगणं मला जमलं नाही. मी संग्रहातलं सगळ्यात जुनं पुस्तक काढलं. त्याचं शेवटचं कोरं पान, आयुष्यात पहिल्यांदाच, ब्लेडनं कापलं. त्यातून दोन बोटांची पट्टी काढली. बोरू होताच. शाई घोटली. बायकोची बांगडी मागितली. तिनं काढून दिली. पट्टीवर बांगडी ठेवून भोवती बोरू फिरवला, दाबून, कागदावर खोलगट रेघ उमटेल असा. शेजारी काकांनी सांगितल्याप्रमाणे अक्षरं काढली. काम सुबक झालं होतं. बॉलपेनवाल्यापेक्षा मी नक्कीच सरस होतो.

आत्या उशांना टेकून बसली होती. मी म्हणालो, "कागद जीर्ण झाला होता आत्याबाई, खालचा तुकडा सुटा झालाय." आणि पट्टी तिच्या हातात दिली.

तिनं तर्जनी टेकवली. हळूहळू फिरवली. एक फेरा पूर्ण केला. पुन्हा सुरुवातीला आली. आणखी एक फेरा. मग बोट उचललं.

"कोणाची बांगडी घेतली रे? सूनबाईची?"

दारात बायको होती. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"माह्या आजीले गोल जमला नव्हता," आत्या म्हणाली. "कारकून काढत होता तिच्याकरता. तिनं बोरू हिसकला. म्हणे, माही बांगडी मी काढीन. दोन टोकं जुळलीच नाही. लोकं हसले. याचा जोड तर कुठंच लागत नाही." तिनं पट्टी पांघरुणावर ठेवली. "काहून केलं बाबू?"

मग मी सांगितलं. पाऊच, कटर, डाग आहे काप. सांगताना मी कुठेही विनोद केला नाही. असं बोलताना मी स्वतःला पहिल्यांदाच ऐकलं. तिनं मला लहानपणी मारलं होतं तसं आताही मारावं असं वाटत होतं. तिला तेवढी ताकद नव्हती.

ती म्हणाली, "वाच तरी. काय लिहिलं ते मले कोणी वाचूनच नाही दाखवलं. गोल तेवढा माहीत होता."

काकांकडून लिहून घेतलेलं मी वाचलं. शेतातला वाटा नको. घरातला नको. मुलगा माझ्यापाशी राहील. 'त्यास कोणी अटकाव करू नये' यावर मजकूर थांबला.

"बस?"

"बस. पुढे निशाणी होती."

"आण तो कागद. अन् पेन दे."

लॅमिनेशन केलेला कागद मी तिच्या मांडीवर ठेवला. प्लास्टिकवरून तिचा हात घसरला, तिनं तोंड वाकडं केलं. खालची कड चाचपली. जिथं कापलं होतं, त्याच्या जरा वर मी तिचा हात धरून पेन टेकवलं.

"सोड. माही मी काढीन."

मी सोडलं. तिनं काढायला सुरुवात केली. प्लास्टिकवर शाई धरत नाही. पेन नुसतं सरकत होतं, मागे काही उरत नव्हतं. मला ते पहिल्या क्षणी दिसलं. बायकोलाही दिसलं. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. हो म्हणा की नाही म्हणा, ते मला कळलं नाही.

आत्यानं पेन उचललं. धाप लागली होती.

"उमटली का रे?"

"उमटली, आत्याबाई."

"गोल आली?"

"नाही. वाकडी आली. टोकं जुळली नाहीत."

"मंग बराबर आहे," ती म्हणाली आणि उशीवर मान टाकली.

चौथ्या दिवशी ती गेली. अंत्यविधीच्या कागदांवर मी पाच ठिकाणी सह्या केल्या, एकीकडेही नीट पाहिलं नाही.

फ्रेम आता भिंतीवर आहे. राख बसली की बायको पुसते. मी अजूनही वाडीला जातो, पण बस चुकली तर वाईट वाटत नाही. परवा वही उघडली. त्या कागदापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'सही नाही.' लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. खोडायला पेन घेतलं, आणि काय लिहावं ते सुचेना म्हणून टोपण लावून ठेवून दिलं.