म्हशीमागचा सूर्य

आमच्या कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याला फोटोशॉपमध्ये सूर्य काढायचा भारी नाद होता. वाढदिवस असो की दुकानाचं उद्घाटन, माणसाच्या डोक्यामागं झगझगीत सूर्य यायचाच.

आमची म्हैस हरवली तेव्हा मी तिचा फोटो घेऊन गेलो आणि बजावलं, "सूर्य नको."

"लांबनं दिसाय नको व्हय, पावणं?" म्हणत त्यानं शिंगांमागं सूर्य काढलाच, वर चार चांदण्या.

चौकात लोक फ्लेक्सला हात जोडून पुढं जायचे. खालचा फोन नंबर कुणीच वाचेना. हे कळल्यावर त्यानं मुकाट्यानं बिनसूर्याचा फ्लेक्स छापून स्वतः बांधला. दुसऱ्याच दिवशी उचगावातनं फोन आला.

म्हैस घरी आल्यावर तो गोठ्यात तिला बघायला आला. बराच वेळ तिच्याभोवती फिरला आणि हळूच म्हणाला, "उगंच राबलो की मी. ही अशीच झ्याक दिसती."