मशीनला विश्रांती

डिप्लोमा झाला तेव्हा कुळगावातल्या आमच्या अख्ख्या आळीत कॉलेजात गेलेला मी एकटाच होतो. त्यामुळे माझ्या शिक्षणाबद्दल सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. अंबरनाथ पूर्वेला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मला वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळाली. तिथे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन आहे, एवढंच मी घरी सांगितलं. वडिलांनी ते पुढे "पोरगा कॉम्प्युटर चालवतो" असं करून सांगितलं. काकांनी त्यात "नुसतं बोट लावलं की लोखंड कापतं" ही भर घातली. आई व्यवहारी. ती म्हणाली, "ओले हात लावू नकोस त्याला. आणि डबा त्याच्यावर ठेवू नकोस."

आईची काळजी अनाठायी होती. ओला काय, कोरडा हातसुद्धा मला लावायला मिळणार नव्हता.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. असलं मशीन आमच्या बाजूला नवलाचं होतं. कारखान्यात जुनी लेथ मशीन्स ओळीने उभी असायची, तेलकट, काळी, दिवसभर कुरकुरणारी. आणि शेडच्या एका कोपऱ्यात काचेची खोली. खोलीला एसी, दाराला तोरण, आत ते नवं मशीन. बाहेर चपला काढायच्या. लोखंडाचा कीस पायात घुसू नये म्हणून बाकी कारखान्यात बूट घालण्याची सक्ती होती, आणि जिथे सगळ्यात जास्त वेगाने लोखंड कापलं जायचं तिथे आम्ही अनवाणी. याबद्दल कोणाला काही वाटत नसे. देवाच्या दारात बूट घालून कोण जातं?

कारखान्याचे मालक उल्हासनगरचे सिंधी. सगळे त्यांना शेठ म्हणत. माणूस प्रेमळ. एसी फक्त त्याच खोलीत असल्यामुळे त्यांनी आपलं टेबलही तिथेच आणून ठेवलं होतं. पाहुणे आले की ते मशीनशेजारी बसून थंड पीत आणि शेठ मशीनकडे हात करून सांगत, "साईं, ये सब अपने आप करता है. आदमी का काम ही नहीं." हे ऐकून आम्हा आदमींना फार हुरूप यायचा.

मशीनची किल्ली फोरमनच्या शर्टाच्या खिशात. फोरमन हेल्परपासून वर चढलेले, घाटावरचे, आवाज असा की जुन्या मशीनच्या आवाजावरूनही ऐकू जाई. मशीन घेतलं तेव्हा त्यांना आठवडाभर पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे त्यांनी हिरवं बटण दाबलं की मशीन सुरू होतं आणि लाल दाबलं की थांबतं, हे आत्मसात केलं. मधली सगळी बटणं ते अस्पृश्य मानत. प्रोग्रॅम मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने भरून दिले होते. पंपाचे ठरावीक शाफ्ट होते, ते व्यवस्थित निघत. तक्रारीला जागाच नव्हती.

मला ते "डिप्लोमा" म्हणत. नाव विचारण्याची गरज त्यांना वर्षभरात पडली नाही.

"ए डिप्लोमा, काच पुसून घे. शेठचे पाहुणे येणारेत."

माझं वर्ष डिसेंबरअखेर संपणार होतं. सर्टिफिकेट मिळणारच होतं, ते हजेरीवर मिळतं. पण माझ्या आधी तिथूनच सर्टिफिकेट घेऊन गेलेला एक जण मला स्टेशनबाहेर भेटला होता. नोकरीच्या मुलाखतीत त्याला सरळ मशीनपुढे उभं केलं आणि म्हणाले, चालवून दाखव. त्याला काच उत्तम पुसता येत होती. आता तो विठ्ठलवाडीला मामाच्या दुकानात बसत होता. तेव्हापासून मी एकच ध्यास घेतला होता. वर्ष संपायच्या आत ते मशीन माझ्या हाताने चालायला हवं. नाहीतर कॉम्प्युटर चालवणारा पोरगा घरी परत जाऊन आळीला काय सांगणार?

मी स्वभावाने भिडस्त. सायकलवरून येताना रस्ताभर वाक्य घोकायचो, "सर, मला एकदा चालवून बघता येईल का?" आणि फोरमनसमोर उभा राहिलो की त्यातलं फक्त "सर" बाहेर पडायचं. एकदा पूर्ण वाक्य बाहेर पडलं. फोरमन म्हणाले, "बघ ना. बघून शिक. आम्ही कोणाला विचारलं होतं? बघूनच शिकलो."

जुन्या लेथवर बघून शिकता येतं, सगळं उघड्यावर चालतं. या मशीनला दार. दार बंद झालं की आत दुधासारखं पांढरं पाणी उडायचं आणि दाराची काच धुकट व्हायची. मी त्या धुक्याकडे महिनोन्‌महिने अत्यंत मन लावून बघितलं. मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक शेठच्या कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. ते मागितलं तर शेठ कळवळून म्हणाले, "बेटा, प्लास्टिक नको काढू. कधी मशीन विकायची झाली तर पुस्तक नवीन दिसलं पाहिजे."

नवरात्र बसलं आणि मशीनच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात काही इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली. बॅटरी उतरली आहे असा त्यांचा अर्थ होत होता. काच पुसता पुसता मी वाचलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी धीर करून फोरमनना दाखवलं.

"सर, बॅटरी संपत आलीय म्हणतंय."

"कुठली बॅटरी?"

"मशीनची."

फोरमननी मागून आलेली मनगटाएवढी जाड केबल मला दाखवली. "ही बघितलीस? एवढी लाईट खातंय ते. त्याला बॅटरी कशाला लागेल? टॉर्च आहे काय?"

जवळचे दोघे हसले. मीही थोडा हसलो. भिडस्त माणसाला स्वतःवरच्या विनोदात सामील व्हायची सवय असते.

"इंजिनिअरला एक फोन करू या का?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या तोंडावर? सणाला डॉक्टर बोलावतोस होय रे घरी? काही नको. सण होऊ दे."

मी शेठनाही सांगितलं. शेठनी पडद्याकडे जरा वेळ बघितलं. "लुकलुकतंय ना? म्हणजे चालू आहे. बंद असतं तर लुकलुकलं असतं काय?" मी फडकं उचलून पुन्हा काच पुसायला लागलो.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात आणि त्यांना विश्रांती देतात. सुतार पटाशीला हात लावत नाही, शेतकरी कोयता पाटावर मांडतो. जुन्या लेथना वर्षानुवर्षं हे सुख मिळत होतं. नव्या मशीनचा तो पहिलाच दसरा. फोरमननी स्वतः पाणी घालून शेड धुतली. मशीनच्या चकवर, म्हणजे तुकडा पकडणाऱ्या जबड्यावर, झेंडूची माळ घातली, दाराच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पडद्याला हळदीचं बोट लावलं. त्याची खूण अक्षरांच्या बरोबर वर आली. अक्षरं हळदीखालून लुकलुकतच होती.

नारळ फुटला. फोरमन गंभीरपणे मेन स्विचकडे गेले. एरवी मशीन रात्री काही तासच बंद असायचं. पण या वेळी शेठच्या गुरुजींनी सांगितलं होतं की मशीन पुन्हा सुरू करायला चांगला मुहूर्त दसऱ्यानंतर आहे, आणि मध्ये कारखान्याची साप्ताहिक सुट्टीही येत होती.

"बिचारं वर्षभर राबलंय," फोरमन म्हणाले. "चार दिवस पडू दे निवांत."

आणि त्यांनी मेन स्विच पाडला. अक्षरं लुकलुकायची थांबली.

मुहूर्तावर सगळे काचेच्या खोलीत जमले. शेठनी नवा सदरा घातला होता. फोरमननी स्विच वर केला, पडदा उजळला आणि त्यावर धोक्याच्या सूचनांची रांग लागली. एक पान भरलं, मग दुसरं. फोरमननी हिरवं बटण दाबलं. काही नाही. लाल दाबून पुन्हा हिरवं दाबलं. मशीनची विश्रांती मोडत नव्हती.

"माळ काढा, माळ अडकली असेल," कोणीतरी म्हणालं. माळ काढली. "मुहूर्त टळला काय?" शेठनी घड्याळ बघितलं आणि आणखी एक नारळ आणायला माणूस पिटाळला. तो नारळही फुटला. दुपारी पेढे वाटले गेले. ते आधीच आणलेले होते, वाया कशाला घालवायचे? पंपाचे शाफ्ट मागायला आलेल्या गिऱ्हाइकालाही एक दिला.

इंजिनिअर पुण्याहून आला तो थकलेला, तरुण, बूट न काढता आत शिरलेला. त्याने मशीनच्या मागचं कपाट उघडून एक डबी काढली आणि तिच्यातून सेल काढून शेठच्या टेबलावर ठेवले. टॉर्चमध्ये घालतात तसलेच.

"मशीन बंद असताना याच्यावर मेमरी टिकते," तो म्हणाला. "हे मेलेत. मशीनला स्वतःबद्दल काहीही आठवत नाही. पडद्यावर सूचना आली नव्हती का?"

फोरमन स्वस्तिकाकडे बघत होते. मी बोलणार होतो, पण या वेळी "सर"सुद्धा बाहेर पडलं नाही. आता वाटतं, बरंच झालं. त्या क्षणी बोललो असतो तर फोरमनना ते जन्मभर लागलं असतं, आणि जन्मभर जाऊ द्या, माझा डिसेंबर गेला असता.

इंजिनिअरने नवे सेल घातले. मशीनचे शेकडो आकडे पुन्हा भरायचे होते आणि प्रोग्रॅमही नव्याने लिहायचे होते. "एक माणूस द्या बरोबर," तो म्हणाला. "मी सांगेन, तो भरेल. आणि पुढे तोच बसेल मशीनवर. रोज नवा माणूस नको."

शेठनी फोरमनकडे बघितलं. फोरमन मागे सरकले. इतके महिने किल्ली छातीशी धरणारा माणूस एका पावलात भिंतीला लागला.

"शेठ, माझी नजर आता बारीक अक्षराला चालत नाही. डिप्लोमाला बसवा. त्याचं इंग्रजी चांगलंय."

इंग्रजी चांगलंय हे त्यांना नेमकं कधी कळलं ते मी विचारलं नाही. कारण मला पुरेसं स्पष्ट होतं. पुन्हा काही बिघडलं तर खापर फोडायला कोणीतरी हवं होतं, आणि अप्रेंटिस त्यासाठीच ठेवतात. माझ्या योग्यतेवर एवढा विश्वास त्याआधी कोणी टाकला नव्हता. मी धावतच स्टुलावर बसलो.

दोन दिवस इंजिनिअर आकडे सांगत गेला, मी भरत गेलो. एकेक आकडा तीनदा तपासायचो. तो वैतागून म्हणायचा, "अरे चावणार नाही ते." मग प्रोग्रॅम कसा लिहायचा ते दाखवलं. धुक्याआड जे चालायचं ते शेवटी कागदावर सरळ वाचता येईल असं निघालं: हत्यार इथे जा, एवढं काप, मागे ये. पहिल्या शाफ्टचा प्रोग्रॅम त्याने लिहिला, दुसऱ्याचा माझ्याकडून लिहून घेतला, चार चुका काढल्या आणि संध्याकाळची गाडी पकडून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फोरमननी मशीन उघडून दिलं आणि माझ्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले. मी लोखंडाचा तुकडा चकमध्ये आवळला, दार लावलं, हिरव्या बटणावर अंगठा ठेवला. हत्यार चुकून चकवर आदळलं तर काय होतं, ते इंजिनिअरने जाता जाता फार खुलवून सांगितलं होतं.

"दाब की," फोरमन म्हणाले. "का त्यालाही मुहूर्त पाहिजे?"

दाबलं. पांढरं पाणी उडालं, काच धुकटली. काही आदळलं नाही. तुकडा बाहेर काढला तो कोमट होता. फोरमननी मायक्रोमीटर लावला.

"डाया जास्त आहे."

व्यास केसाएवढा जास्त होता. मी दुरुस्तीचा आकडा घातला. उणे की अधिक, यावर बराच वेळ थांबलो. मागून सूचना येईल अशी वाट पाहिली. आली नाही. त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं. उणे घातलं. दुसरा तुकडा लावला.

फोरमननी तो मोजला. फिरवून दुसऱ्या बाजूने मोजला. शाबासकी देण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तुकडा फडक्याने पुसून टेबलावर उभा ठेवला आणि म्हणाले, "मी चहा घेऊन येतो. दार नीट लाव, पाणी बाहेर येतं."

आणि ते गेले. काचेच्या खोलीत मशीन होतं आणि मी होतो. मी तिसरा तुकडा चकमध्ये आवळला.