तीन कप्प्यांचा नाताळ

जगातल्या तमाम माणसांची वर्गवारी पूर्ण करून टाकलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि सात वर्षं मी त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. अमरावतीच्या कॅम्प भागातले आमचे घरमालक एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच पत्नी वारली आणि ते एकटे पडले. बैठकीच्या खोलीत त्यांचं एक जुनं लाकडी कपाट होतं. त्याला तीन कप्पे. वरच्या कप्प्यावर कागदाच्या पट्टीवर ‘घरचं’ लिहिलेलं, मधल्यावर ‘गावचं’ आणि खालच्यावर ‘बाहेरचं’. दिवाळीचे दिवे उतरले की या कपाटात नाताळच्या भेटी जमू लागत आणि चोवीस डिसेंबरच्या दुपारी ते रिकामं होई. ही पद्धत त्यांनी पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळाला सुरू केली होती. नियम साधा होता आणि कोणी विचारलं तर तो सांगायला ते कचरत नसत. घरी केलेली वस्तू प्रेमाच्या माणसाला, आपल्या मुलखात केलेली आदराच्या माणसाला, आणि परदेशातून आलेली त्या माणसाला, ज्याच्याशी फारसा संबंध ठेवायचा नाही. “बाहेरचा डबा देऊन टाकला का मानूस खूश होते,” ते म्हणत, “अन् मंग आपल्याकडे येऊन बसत नाही.”

मी वर्तमानपत्रात काम करतो हे कळल्यामुळे पहिल्या नाताळाला माझ्या दारात परदेशी बिस्किटांचा निळा डबा आला. मी भारावून आभार मानले. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि जिना उतरून गेले. समोरच्या घरात राहणाऱ्या पोस्टातल्या कारकुनांनी मला खरा प्रकार सांगितला. “डबा आला का तुमाले? धीर धरा भाऊ. मले तीन वर्षं चॉकलेटच होतं.” माझी बढती मात्र वर्षभरातच झाली. चर्चच्या गायनाच्या फेरीची सूचना त्यांनी चाळीस ओळींत लिहिली होती, ती मी सहा ओळींत बसवून दिली. त्या नाताळाला मला चिखलदऱ्याच्या कॉफीचं पाकीट मिळालं. तिसऱ्या वर्षी वरच्या कप्प्यातला साबण आला. त्याला फेस येत नव्हता, पण त्या सकाळी मी नेहमीपेक्षा बराच वेळ आंघोळ केली. बढतीसारखी घसरणही होई. पाळकसाहेब एका वर्षी मुरंब्यावरून बांबूच्या टोपलीवर आले, कारण त्यांचा उपदेश सव्वा तास चालला होता. पाळकसाहेबांनी टोपली हसत स्वीकारली आणि पुढच्या वर्षी उपदेश पस्तीस मिनिटांत आटोपला.

घरच्या वस्तू ते प्रयोगशाळेच्या शिस्तीने करत. वरूडच्या संत्र्यांचा मुरंबा, मेणबत्त्या, लोकरीच्या टोप्या, शाई, दंतमंजन. स्वयंपाकघरात काचेची नळकांडी आणि तराजू मांडलेला असे आणि अंगावर कॉलेजातला पांढरा कोट. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवलेली असे: वस्तूचं नाव, केल्याची तारीख, आणि खाली ‘चुका’ नावाचा एक रकाना. हा रकाना ते प्रामाणिकपणे भरत. मुरंब्यावर लिहिलेलं असे, ‘साखर जास्त. ढवळताना फोन आला.’ मेणबत्तीवर, ‘वात तिरपी आहे. विझल्यास पुन्हा लावावी.’ दातांच्या डॉक्टरांना दिलेल्या कानटोपीवर होतं, ‘एक कान मोठा झाला. तो डावीकडे घ्यावा.’ डॉक्टरांनी तो डावीकडे घेतला आणि टोपी तीन हिवाळे वापरली. चुका कशाला लिहिता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “दुकानदार चुका लपवते. आपन कायले लपवाव्या? ज्याले द्याची, तो आपलाच मानूस आहे ना.”

मधल्या कप्प्यासाठी ते स्वतः फिरत. सतरंजी हवी तर अकोटला जायचं, टोपली हवी तर धारणीला. तयार पडलेला माल त्यांना चालत नसे. वस्तू डोळ्यांदेखत झाली पाहिजे. धारणीजवळच्या एका गावात ते सकाळपासून बुरडाच्या अंगणात बसून राहिले. सहा टोपल्या पुऱ्या होईतो परतीची गाडी निघून गेली. बुरडाच्या बायकोने त्यांना भाकर-भाजी वाढली आणि ओसरीत अंथरूण दिलं. दुसऱ्या आठवड्यात तिच्यासाठी मुरंब्याची बरणी घेऊन ते पुन्हा धारणीच्या गाडीत बसले. खालच्या कप्प्याची खरेदी मात्र पाच मिनिटांत उरके. बाजारात एका सिंधी गृहस्थांचं परदेशी मालाचं दुकान होतं. तिथे जाऊन ते डबा उलटा करत, बुडावरचा देश भिंगाने वाचत आणि “हे द्या चार” म्हणत. आत काय आहे हे विचारत नसत. एकदा घरी आल्यावर अत्तराच्या एका बाटलीखाली बारीक अक्षरात उल्हासनगर निघालं. तोवर तिची जोडीची बाटली एका निवृत्त इंजिनिअरांच्या घरी पोचली होती. हे इंजिनिअर आले की स्वतःच्या मधुमेहावर दोन तास बोलत. घरमालक उन्हात सायकल काढून त्यांच्याकडे गेले. “साहेब,” ते म्हणाले, “चुकीनं तुमाले आदर दिला गेला. ते परत द्या, हे खरं बाहेरचं घ्या.” इंजिनिअरांनी बाटली परत केली. नवी वस्तू जास्त चांगली आहे, एवढंच त्यांच्या लक्षात आलं.

या सगळ्या व्यवस्थेत एक पत्ता कधी बदलत नसे. अकोल्याला त्यांची थोरली बहीण राहायची. त्या परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं. त्यांना दर वर्षी खालच्या कप्प्यातली वस्तू पार्सलने जाई, सोबत ओळ नाही की सही नाही. बहीण-भावांचं जाणं-येणं बंद होतं. त्याचं कारण घरमालकांनी मला पाचव्या वर्षी सांगितलं, संत्र्याच्या साली चिरताना, माझ्याकडे न बघता. त्यांची पत्नी नाताळाला स्वतः केक करायची. तिच्या शेवटच्या नाताळाला ताई आल्या होत्या. केकचा तुकडा तोंडात टाकून त्या सहज बोलून गेल्या, “विकतचाच बरा असते, नाही का?” मार्चमध्ये पत्नी गेली. “तिले विकतचं पाहिजे ना,” घरमालक मला म्हणाले, “घे म्हनलं विकतचं. जल्मभर घे.” कपाटाचा अर्थ कॅम्पात सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून तो अकोल्यालाही पोचला असणार, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. पार्सल उघडलं की ताईंना दर वर्षी लागत असेल, असा त्यांचा हिशेब होता.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या वर्षी नोव्हेंबरात निरोप आला की ताई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी घरमालक जिना चढून वर आले. असं ते सहसा करत नसत. “तिचं वय झालं,” ते म्हणाले. “मी असाच डबे धाडत राहीन अन् एखाद्या वर्षी पार्सल वापस येईन. मंग काय करू?” ते मला खाली घेऊन गेले. टेबलावर एक वही उघडी होती. पत्नीच्या अक्षरातली केकची कृती. नऊ वर्षांत त्यांनी ती उघडली नव्हती. माफ केलं हे ताईंना कळायचं तर तोच केक न्यायला हवा, एवढं त्यांनी ठरवलं होतं. आता ‘चवीपुरतं’ म्हणजे किती ग्रॅम यावर ते अडले होते. तीन केक बिघडले. चौथा जमेल असं वाटलं, तेव्हा ते कालवलेलं मिश्रण घेऊन बेकरीच्या भट्टीवर गेले, कारण पत्नीही तिथेच भाजून आणायची. परत आले ते नव्याच काळजीत. “मैदा मी कालवला, भट्टी गावची, अन् बेदाने अफगाणिस्तानचे. हा कोनत्या कप्प्यात धरायचा?” मी म्हटलं, हाताने केला तो घरचा. त्यांनी ते मान्य केलं आणि चिठ्ठी लिहिली: ‘केक. चुका: खालून थोडा लागला.’

नाताळच्या दोन दिवस आधी आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. एकट्याने जायला पाय उचलत नाही, असं म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं होतं. मूर्तिजापूर गेलं तरी केकचा डबा त्यांच्या मांडीवरून खाली आला नाही. ताईंच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनी दार उघडलं. ताई पलंगावर टेकून बसल्या होत्या, बाजूला वॉकर उभा. भावाला पाहून त्यांनी पांघरूण सारखं केलं.

“आला का रे बापू. बस. लय वाळला तू.” मी कोण ते भावाने सांगितल्यावर माझ्याकडे वळून, “तुमी पेपरवाले? बसा. हे पायलं का?”

पलंगासमोर काचेचं कपाट होतं. त्यात नऊ वर्षांच्या नऊ वस्तू क्रमाने मांडलेल्या: बिस्किटांचे डबे, चॉकलेटं, एक अत्तर, एक कॉफीची बरणी. एकीचंही वेष्टन फोडलेलं नव्हतं.

“सारं यानं धाडलं,” ताई म्हणाल्या. “मोहल्ल्यात आहे का कोनाचा भाऊ असा? मी एकदा याच्या घरी बोलून गेली होती, विकतचं बरं असते म्हनून. कशी बोलली काय मालूम, तोंडातून निघून गेलं. मले वाटलं, आता हा माह्यं तोंड नाही पाहनार. तं यानं काय केलं? तवापासून एकदाही घरचं धाडलं नाही. दर साली फॉरेनचं. मनात नाही ठेवलं, ध्यानात ठेवलं. म्हनून मी फोडत नाही काहीच.”

घरमालक कपाटाकडे बघत राहिले. ताईंची नजर त्यांच्या मांडीवर गेली.

“त्या डब्यात काय आहे?”

डब्यावरच्या चिठ्ठीचं टोक घरमालकांनी अंगठ्याने उचललं, ती हळूहळू सोलून काढली आणि घडी करून खिशात ठेवली. चुका लिहिलेली चिठ्ठी लपवताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

“केक आहे,” ते म्हणाले. “दुकानातला.”

“फॉरेनचा?”

“नाही. अमरावतीचाच. पन विकतचा.”

बाईंनी बशी आणली. ताईंनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि दुसरा मागितला. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांची जेवणावरची वासना गेली होती, असं बाईंनी मला हळूच सांगितलं.

“बेस आहे,” ताई म्हणाल्या. “कोनतं दुकान?”

“कॅम्पातलं एक. आता बंद झालं.”

“काहून? चांगलं चालत नव्हतं का?”

“चालत होतं. चालवनारी बाई गेली.”

ताई चावायच्या थांबल्या. पस्तीस वर्षं त्यांनी रोग्यांच्या तोंडून खरं काढलं होतं, आणि समोर त्यांचा धाकटा भाऊ होता, ज्याला खोटं बोलायचा सराव नव्हता.

“बंद झालं तं हा कुठून आनला?” त्यांनी विचारलं.

“शेवटचा होता,” घरमालक म्हणाले.

ताईंनी बोटाने बशीतला चुरा गोळा केला, खाल्ला, आणि उरलेला केक काचेच्या कपाटात न ठेवता उशाशी ठेवायला सांगितला. संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघालो तेव्हा त्या भावाला एवढंच म्हणाल्या, “येत जाय बापू. हात हालवत आला तरी चालते.”

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. त्याच वर्षी डिसेंबरात कामानिमित्त अमरावतीला गेलो, तर घरमालक मला बाजारातल्या त्या सिंधी दुकानात भेटले. काउंटरवर परदेशी साबणांच्या अकरा वड्या मांडलेल्या होत्या. दुकानदाराने मला सांगितलं की ते अकरा वाजल्यापासून उभे आहेत आणि आता दीड वाजतो आहे. भिंग खिशातच होतं. एकेक वडी ते नाकाशी नेत, डोळे मिटत, खाली ठेवत, पुन्हा पहिलीकडे येत. सगळीकडे गुलाबापासून लिंबापर्यंतचे वास मिसळून गेले होते. त्यांनी एक वडी माझ्या नाकाशी धरली.

“ताईले आवडन का हा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला कसं माहीत असणार.

“मलेही नाही,” ते म्हणाले. “माह्यी सख्खी बहीन आहे, अन् तिले वास कोनता आवडते, मले मालूम नाही.” आणि त्यांनी पुढची वडी उचलली.