बुधवारचा सराव

सेन्सेईंबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. माझ्या बायकोला, नलूलाही, पूर्ण सांगितलेलं नाही. आता वयाची शहात्तर वर्षं झाली, म्हणून लिहून ठेवतो.

इकडे ऑस्ट्रेलियात, वेरिबी गावात आमच्या शेजारी राहणारे हे जपानी गृहस्थ बांबूची उभी बासरी वाजवत. शिष्य त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत, म्हणून आम्हीही. वाजवण्याआधी बासरी मांडीवर ठेवून ते इतका वेळ गप्प बसत, की वाटावं विसरले. विचारलं तर म्हणत, "श्वास येतोय. घाई कशाला?" आमच्याकडचा चहा मात्र घाईने संपवत आणि नलूला सांगत, हा चहा नाही, जेवण आहे.

त्यांच्या जोडीला वाजवायला केइकोबाई येत. त्या कोतो वाजवत. आडवं ठेवायचं, तेरा तारांचं लांबलचक वाद्य. दोघं एकाच वयाची, तरुणपणी एकाच वाद्यवृंदाबरोबर ऑस्ट्रेलियात आलेली आणि इथेच राहिलेली. दर बुधवारी दुपारी सराव, आणि सरावात भांडण. "पन्नास वर्षं ही माझ्या पुढे धावते," ते तक्रार करत. बाई म्हणत, "पन्नास वर्षं हा झोपतो."

लॉकडाऊन लागला. नलूला दमा. मी भाजीसुद्धा साबणाने धूत होतो. रस्त्यात कुणी खोकलं की मी पलीकडच्या बाजूला जायचो. बाहेरच्या कुणी घरी यायचं नाही असा नियम, आणि सेन्सेई दर बुधवारी बाईंना गाडीतून घेऊन येत. पडद्याआडून मी तीन बुधवार पाहिले. बासरी सुरू झाली की मला सूर ऐकूच येत नसत, नुसती फुंकर ऐकू येई. चौथ्या बुधवारी पोलिसांना फोन करून पत्ता दिला. स्वतःचं नाव दिलं नाही.

पोलीस आले. सेन्सेई दारात अडखळत काहीतरी समजावत राहिले. त्यानंतर बाई आल्या नाहीत.

दोन दिवसांनी सेन्सेई आमच्या फाटकाशी उभे. दोन्ही हातांत कागदात गुंडाळलेला सुती टॉवेल. आपल्यामुळे शेजाऱ्यांना त्रास झाला, तर असं काहीतरी देऊन माफी मागायची त्यांची रीत.

"माझ्यामुळे गल्लीत पोलीस आले," ते म्हणाले. "केइको हल्ली विसरते. वाजवायला बसली की तिला सगळं आठवतं, म्हणून आणत होतो. तुमची पत्नी घाबरली असेल. माफ करा."

मी टॉवेल घेतला. तोंडातून निघालं, "नो वरीज."

आत नलू म्हणाली, "अहो, कोण मेल्याने फोन केला असेल?" मी हात धुवायला गेलो.

आजारी माणसाची काळजी घेण्यासाठी परवानगी होती, हे मी नंतर वाचलं. निर्बंध उठले तेव्हा केइकोबाई वृद्धाश्रमात होत्या. सेन्सेईंनी कोतो तिकडे नेलं, तर बाईंनी त्यावर चहाचा कप ठेवला. हे त्यांनीच मला हसत सांगितलं.

पुढल्या वर्षी बाई गेल्या आणि सेन्सेई मुलीकडे जपानला निघाले. त्यांची बॅग टॅक्सीपर्यंत मी नेली. आठवडाभर एकच वाक्य घोकलं होतं, पोलिसांना मी कळवलं होतं. ड्रायव्हरने डिकी बंद केली. सेन्सेई वाकले. मीही वाकलो, आणि बराच वेळ वर आलोच नाही.

त्यांना तो निरोप वाटला. माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, "पुरे. कंबर धरेल."