पंखा तर फिरत होता

ती जीप आजही डोळ्यांपुढे येते. नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. चोर एका गावचा आठवतो आणि मुद्देमाल भलत्याच गावचा. हे प्रकरण मात्र तसं मिसळलं नाही. नावं सांगणार नाही, कारण त्या घरातली माणसं अजून तिथेच नांदतात.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी आर्वी तालुक्यातल्या आष्टीच्या ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो. मे महिना होता. हजेरी आटोपून मी रोजनामचा पाहत बसलो होतो, तेव्हा डोक्याचे केस उतरवलेला एक तरुण आत आला आणि बस म्हणायच्या आधीच बोलू लागला. घरच्या ड्रायव्हरने आपल्या थोरल्या भावाला मारलं, अशी त्याची फिर्याद होती.

घर संत्र्याच्या बगीच्याचं, खाऊन-पिऊन सुखी. थोरल्याच्या पोटात एकाएकी दुखू लागलं आणि गावच्या डॉक्टराने ताबडतोब वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. घरी लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप होती. आर्वी सोडल्यावर चढ लागला आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली. इंजीन उकळलं, असं म्हणून तो डबा घेऊन पाणी शोधायला गेला. पाणी घालून थोडं पुढे गेले, की पुन्हा तेच. दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस कलला आणि थोरला गेला. आतडं फुटलं होतं. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

"साहेब, मी सोता बोनेट उघडून पाह्यलं," तो म्हणाला. "पंखा फिरून राह्यला होता. पट्टा बरोबर होता. तरी हा म्हणे, गाडी हाकली तं इंजीन जळन. त्यानं माह्या भावाले रस्त्यावर मारलं."

नुसत्या संशयावर कोणी खुनी ठरत नाही. पण दुसऱ्याच दिवशी बाजारातल्या चहावाल्याने, आमच्या जुन्या खबऱ्याने, कानावर घातलं की महिन्यापूर्वी थोरल्या मालकाने याच ड्रायव्हरला चारचौघांत थोबाडीत मारली होती. गाडी बांधाला घासून दिवा फुटला, हे कारण. म्हणजे हेतूही हाती आला. मी ड्रायव्हरला ताब्यात घेतलं.

जीप ठाण्याच्या आवारात आणून मुख्यालयातल्या मिस्त्रीकडून तपासली. त्याने पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ढिला नव्हता. पाती हाताने हलवून पाहिली, लटपटत नव्हती. इंजीन सुरू केलं, पंखा गरगर फिरला. रेडिएटर गळत नव्हता. गाडीत दोष नाही, असं त्याने लिहून दिलं. आता ड्रायव्हरची मान फासाजवळ आली होती, आणि त्याला ते कळत होतं.

ड्रायव्हर पन्नाशीचा, त्या घरात आयुष्य गेलेला. थोबाडीत मारल्याचं त्याने आढेवेढे न घेता कबूल केलं. इंजीन उकळलं, यावरही तो ठाम होता. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा मोजकं बोलत होता. एकाच प्रश्नाला तो जमिनीकडे पाहू लागे: इंजिनाला शेवटचा हात कोणी लावला?

"मीच लावला, साहेब. पंपातून पाणी गळत होतं. मीच खोललं, मीच बसवलं."

पंपाखाली पॅकिंग कशाचं घातलं, असं मी विचारलं. रबराचं, तो म्हणाला. मी आवारात जाऊन पाहिलं. पंपाच्या कडेला डोकावणारं पॅकिंग पुठ्ठ्याचं होतं, जुन्या कॅलेंडरचा रंग त्यावर दिसत होता. म्हणजे पंप याने बसवलाच नव्हता. आपल्यावर येणारी गोष्ट माणूस टाळतो, आणि हा ती ओढून घेत होता. का, ते मला उमगेना.

तोंडाने निघत नाही ते कधी रस्त्यावर निघतं. मी ठरवलं, जीप त्याच रस्त्याने, तेवढीच माणसं बसवून, तशाच उन्हात न्यायची. आमचा ड्रायव्हर चालवायला, मागे दोन पंच, फिर्यादी आणि बेडी घातलेला आरोपी. गावातल्या फेऱ्यांत शहाण्यासारखी वागणारी ती जीप चढावर, फिर्यादीनेच दाखवलेल्या जागी, किटलीसारखी उकळू लागली. फिर्यादी खाली उतरून बोनेटकडे पाहू लागला.

गाडी थंड होऊ दिली, पाणी घातलं आणि पुन्हा सुरू केली. पंखा फिरतच होता. तेव्हा मला ट्रेनिंगमधली एक साधी तपासणी आठवली. पंखा फिरतो का, हे डोळ्यांना दिसतं. तो हवा ओढतो का, हे कागदाला विचारावं लागतं. मी वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या जाळीवर ठेवून हात काढला. पान घसरून खाली पडलं. मागून सरकी भरलेला एक ट्रक येत होता. तो थांबवला, इंजीन चालू ठेवायला सांगितलं आणि तेच पान त्याच्या जाळीवर ठेवलं. ते असं चिकटलं, की सोडवून घ्यावं लागलं.

मग जीपचं इंजीन बंद करून पंखा नीट पाहिला. पात्यांचा बाक उलट्या बाजूला होता. पंखा पंपाच्याच दांड्यावर असतो; पंप बसवताना तो पालथा लावला गेला होता.

मी तिथेच पंचनामा लिहायला घेतला. लिहून झालं तेवढं मोठ्याने वाचलं: पंखा उलटा बसवलेला आढळला, आणि आरोपीच्या जबाबाप्रमाणे तो आरोपीनेच बसवला. हे वाक्य कोर्टात गेलं असतं तर काय झालं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला समजलं. आरोपी पळसाच्या सावलीत खाली मान घालून बसला होता. पॅकिंगचं मला ठाऊक होतं, पण मी मुद्दाम थांबलो आणि फिर्यादीकडे पाहिलं.

"ते खोडा, साहेब," तो म्हणाला. "पंखा मी बसवला."

ड्रायव्हर उठून उभा राहिला. "लहान मालक, काऊन बोल्ले तुमी? म्या साहेबाले सांगतलं होतं ना."

मग सगळं बाहेर आलं. धाकट्याला गाडीचा नाद. दिवा त्यानेच फोडला होता, आणि गाडी त्याच्या हाती दिली म्हणून थोबाडीत ड्रायव्हरने खाल्ली. त्यानंतर थोरल्याने धाकट्याला गाडीला हात लावायची मनाई केली, तरी ड्रायव्हरची विनवणी करून त्याने पंप दुरुस्त केला होता, कोणाला सांगणार नाही असं वचन घेऊन. पंखा उलटा आहे हे ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. त्याच दुरुस्तीत काहीतरी चुकलं, एवढं त्याला चढावर कळलं होतं. आणि ज्याच्यासाठी तो गप्प होता, तोच त्याला खुनी म्हणत ठाण्यात आला होता.

फाशीची भीती नाही वाटली का, असं मी त्याला विचारलं.

"वाटली नं, साहेब. पण मोठा तं गेला. आता याले कळलं असतं का आपल्याच हातानं गेला, तं हा जगला असता काय?"

मला राग आला. खोट्या जबाबाबद्दल मी त्याला चार शब्द सुनावले. पण त्याची बेडी हवालदारावर न सोपवता मी स्वतःच काढली, हेही खरं आहे.

मृत्यू अपघाती ठरवून कागद वर पाठवले. पुढे कितीतरी जबाब ऐकले, आणि प्रत्येक वेळी तो पडलेला कागद आठवला. माणूस डोळ्यांनी पाहिलेलं खरंच सांगतो, पण पाहिलेलं पुरेसं असतंच असं नाही. फिर्यादी खोटं बोलला नव्हता. आरोपी खोटं बोलला होता. दोघांच्याही जबाबावर विसंबलो असतो तर एक निरपराध माणूस गेला असता.

जीप परत न्यायला दोघं एकत्र आले. पुरावा म्हणून काढून ठेवलेला पंखा मुद्देमालातून सोडवून दिला होता. धाकट्याने पान्हा ड्रायव्हरपुढे धरला. ड्रायव्हरने तो घेतला नाही.

"तुमीच लावा," तो म्हणाला. "मी पाह्यतो."

धाकट्याने पंखा बसवला. इंजीन सुरू झाल्यावर हवालदाराच्या टेबलावरचं वर्तमानपत्र मागून घेतलं आणि त्याचं पान जाळीवर ठेवलं. पान चिकटलं. तरी त्याने हात काढला नाही. शेवटी ड्रायव्हरने त्याचा हात धरून बाजूला केला आणि त्याला गाडीत बसवलं.