साध्या मलमाची मैनाबाई

अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. तिथं मैनाबाईंशी वाकड्यात शिरायची कोणाची टाप नव्हती. निंदणाला, म्हणजे वावरातलं तण काढायला, जाणाऱ्या बायांची टोळी त्यांच्या शब्दावर चालायची. कोणाच्या वावरात जायचं, कोणाच्या नाही, उन्हाचं किती वेळ थांबायचं, सगळं त्या ठरवत, आणि एकदा ठरलं की गावातला बडा शेतकरीही हुज्जत घालत नसे. बोलणं असं की पुण्याकडच्या माणसाला वाटावं, बाई भांडायला उठली. बाई बिचारी त्याला जेवलास का एवढंच विचारत असायची.

अशा या बाईला गाजर गवतानं मात्र जेरीस आणलं होतं. पांढऱ्या फुलांचं हे गवत बांधावर, वावरात, रस्त्याच्या कडेला, जागा सापडेल तिथं माजतं. वर्षानुवर्षं ते हातानं उपटून टोळीतल्या निम्म्या बायांच्या अंगात त्याची अ‍ॅलर्जी मुरली होती. हात सुजून लाल होत, कातडीला भेगा पडत, पापण्या जड होत, आणि खाज तर जीव नकोसा करी. मेडिकलमधून मनानंच आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबनं आठ दिवस बरं वाटे. पुढं कातडीच कागदासारखी पातळ होई.

हे हात पाहायला अमरावतीहून डॉक्टर देवश्री येऊ लागली. ती मूळची अकोल्याच्या जठारपेठेतली, वकील आणि मास्तरांच्या घरातली. गाजर गवत तिला पुस्तकातल्या चित्रावरूनच ठाऊक होतं, पण ते लपवायचा ताठा तिच्यात नव्हता, म्हणून बायांना ती आवडली. कॉलेजात ती एका मलमावर काम करत होती. त्यात सिलिकाचे नॅनोकण होते, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारभर ओळीनं बसतील. त्यांनी कातडीच्या वरच्या थरात थांबून तिथला दाह शांत करावा, ही कल्पना. प्रयोगशाळेत ते जमलं होतं, निरोगी माणसांना अपाय होत नाही हेही पाहून झालं होतं. आता खऱ्या दुखणाऱ्या हातांवर त्याची परीक्षा होती.

समाजमंदिरात बायांना बसवून देवश्रीनं सगळं नीट सांगितलं. निम्म्या जणींना कणांचं मलम मिळेल, निम्म्यांना अगदी तसंच दिसणारं साधं. कोणाची ट्यूब कोणती हे तिला स्वतःलाही माहीत नाही. ते फक्त चाचणीचा हिशेब ठेवणाऱ्या अकोल्याच्या चिंतामण सरांना ठाऊक. त्रास वाढला तर कोणीही मधूनच थांबावं, नेहमीचं औषध लगेच मिळेल. बायांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मैनाबाईंनी.

चाचणी संपली आणि निकाल असा आला की देवश्रीचं अवसानच गळालं. सगळ्या बायांना थोडंथोडं बरं वाटलं होतं. धड कोणी सुधारलं नव्हतं, धड कोणी बिघडलं नव्हतं. दोन्ही गटांत काडीचा फरक नाही. चिंतामण सर फोनवर म्हणाले की औषधात दम दिसत नाही, आता थांबवू या. ती गावात आली ती बायांचे आभार मानून काम गुंडाळायला. तिचा चेहरा पाहून मैनाबाईंनी बाकीच्यांना वाटेला लावलं आणि तिला ओसरीवर बसवलं.

“औषधाले नावं ठेवू नका, मॅडम,” त्या म्हणाल्या. “म्याच सगयं कालवलं.”

झालं होतं असं. पहिल्या दिवशी देवश्रीची गाडी वेशीबाहेर पडताच मैनाबाईंनी सगळ्यांच्या ट्यूबा गोळा केल्या. एकीला औषध आणि तिच्या शेजारणीला नुसतं लोणी? त्यांच्या टोळीत असला दुजाभाव कधी झाला नव्हता आणि त्यांच्या डोळ्यांदेखत होणारही नव्हता. त्यांनी साऱ्या ट्यूबा एका स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पिळल्या, पळीनं घोटल्या, आणि प्रत्येकीला तिच्या डबीत सारखा वाटा घालून दिला. रिकाम्या ट्यूबा मात्र इमानानं परत केल्या.

देवश्रीला हसावं की रडावं कळेना. आधी रडूच आलं. मग संताप आला, आणि दोन वर्षांची मेहनत तुम्ही गंजात घोटली, असं ती बोलूनही गेली. मैनाबाईंनी एका शब्दानं बचाव केला नाही. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की साधं मलम लावून तुम्हाला कळतं तरी काय? देवश्री समजावू लागली, अडखळली, पुन्हा समजावू लागली. नवं बियाणं आणलं की शेजारी चार ओळी जुन्या बियाण्याच्या ठेवतात, तसंच का, असं मैनाबाईंनी विचारलं. तसंच, देवश्री म्हणाली.

परतवाड्याच्या रस्त्याला लागल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई बोलली नसती तर कोणाला कळणार होतं? औषध निकामी ठरलं असतं, आणि मैनाबाईंच्या नावाला धक्काही लागला नसता. राग तिथंच विरघळला.

परवानग्या नव्यानं काढाव्या लागल्या, चिंतामण सरांची कुरकुर ऐकावी लागली, पण चाचणी पुन्हा उभी राहिली. या वेळी बायांपुढे मैनाबाईच बोलल्या. जिची ट्यूब तिच्याच हाताला लागेल, मग कोणाला बरं वाटो की न वाटो, आणि ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आत्ताच घरी जावं, असं त्यांनी बजावलं. कोणी गेलं नाही.

त्यांची सून आरतीही टोळीतच होती. थोड्याच आठवड्यांत आरतीच्या पापण्यांची सूज उतरली, हात निवळले, काढून ठेवलेल्या बांगड्या तिनं पुन्हा चढवल्या. मैनाबाईंचे हात मात्र होते तसेच राहिले. भाकरी थापताना त्या ओठ दाताखाली धरायच्या. दोघींच्या ट्यूबा एकाच फळीवर, वीतभर अंतरावर. आरतीला ते बघवेना. एकदा वावरात शिदोरी सोडताना तिनं आपली ट्यूब सासूपुढं ठेवली आणि म्हणाली, “घ्या ना आत्याबाई, बोटभर. मॅडमले कोन सांगते?”

“मी सांगन,” मैनाबाई म्हणाल्या, आणि ट्यूब तिच्या पिशवीत परत घातली.

हे आरतीनंच देवश्रीला पुढं सांगितलं. त्या वेळी देवश्रीला फक्त हात दिसत होते. संशय येत होता, पण खात्री करून घ्यायची सोय नव्हती. ती दर खेपेला कळवळून म्हणायची की मावशी, थांबा आता, नेहमीचं औषध देते, यात कमीपणा नाही. मैनाबाईंचं उत्तर ठरलेलं असे, की दम आहे अजून. टोळीतल्या ज्या बायांना गुण येत नव्हता त्या मैनाबाईंच्या हातांकडे बघायच्या आणि आपली ट्यूब मुकाट्यानं घेऊन जायच्या. अशा माणसापुढे मान लवते, दुसरं काय म्हणावं!

मग एके दिवशी चिंतामण सरांनी अकोल्याहून फोन केला. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. कणांचं मलम लावणाऱ्या बायांचे हात उघडउघड सुधारले होते. साधं लावणाऱ्यांचे नाही. एवढ्याशा चाचणीवर कोणी डांगोरा पिटू नये, अजून मोठ्या चाचण्या व्हायच्या, औषध दुकानात यायला वर्षं लागतील, हे सगळं खरं. पण वाट बंद झाली नव्हती.

साधं मलम मिळालेल्यांना आता खरं देता येणार होतं. देवश्री पहिली मैनाबाईंकडे गेली. त्यांनी आधी टोळीतल्या एकेकीचं विचारून घेतलं, कोणाचं जमलं, कोणाचं नाही. स्वतःचं विचारलंच नाही.

“मावशी, तुम्हाला कळलं होतं ना?” देवश्रीनं विचारलं.

“आरतीचे हात सुधरले तवाच समजलं.”

“मग थांबायचं होतं. मी किती वेळा म्हटलं.”

मैनाबाईंनी दोन्ही पंजे तिच्यापुढे उलटेसुलटे करून पाहिले.

“मी थांबली असती तं माह्यामागं बाकीच्याबी थांबल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “पयल्या खेपेले म्या तुमाले खोटे हात दाखोले, मॅडम. या खेपेले खरे दाखवाचे होते.”

देवश्रीनं नव्या ट्यूबचं झाकण काढलं, ते भेगाळलेले हात आपल्या हातात घेतले आणि स्वतःच मलम लावायला बसली.