तितराचा फासा

आमचं संग्रहालय म्हणजे बीडमधल्या एका संस्थेच्या इमारतीतले तळमजल्यावरचे दोन हॉल. जिल्ह्यातल्या समाजांचं जगणं त्यांच्याच सल्ल्याने मांडायचं असं ठरलं होतं, आणि मांडणी माझ्याकडे होती. पहिल्याच बैठकीत मी एक नियम करून घेतला. वस्तू ज्या घरची, त्या घरातल्या एकानेही नको म्हटलं तर ती उतरवायची. नियम करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. कुणी खरंच नको म्हणेल असं मात्र वाटलं नव्हतं.

चकलांब्याजवळच्या पारधी वस्तीवरच्या एका म्हातारीने तिच्या नवऱ्याचा तितराचा फासा मला दिला. एका दोरीत ओवलेल्या बोटभर जाडीच्या खुंट्या, प्रत्येक खुंटीला बारीक फास. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शिकार तर त्याच्याही आधी सुटली होती. फासा तिने फडक्यात बांधून जपला होता. मी हॉलमध्ये माती पसरली, वाळलं गवत लावलं, खुंट्या ओळीने रोवल्या, शेजारी त्याच्या नावाचा फलक उभा केला. उद्घाटनाला चार दिवस असताना म्हातारीला आणि तिच्या मुलीला बघायला बोलावलं.

म्हातारी चपला काढून सरळ मातीत उतरली.

"हत्ती धरायचाय का बाई?" ती म्हणाली. "तितराची मान एवढी वर आसती व्हय?"

एकेक फास तिने खाली सरकवला. माझी दोन दिवसांची मेहनत चुकीची निघाली, तरी मी खूश होते.

मुलगी दारापाशीच उभी होती. ती पाली गावाजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे, नोकरी अगदी नवी. वर्गात बोलावं तसं ती स्वच्छ बोलली, "मॅडम, हे काढा."

मी समजवायला लागले. कारागिरी, वारसा, अभिमान. हे भाषण माझ्याकडे तयारच असतं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"सहलीला माझाच वर्ग येणार इथं," ती म्हणाली. "वर पारधी लिहिलंय, खाली माझ्या वडिलांचं नाव. उद्या कुणाचं दप्तर हरवलं की आधी माझ्याकडं बघतील. पोरं नाही बघणार. त्यांच्या घरचे बघतील."

मग मायलेकी त्यांच्या भाषेत भांडल्या. मला शब्द कळत नव्हते, पण म्हातारी एकसारखी फाशाकडे हात करत होती आणि तिचे डोळे भरले होते. शेवटी मुलगी माझ्याकडे वळली.

"तुमच्या घरचं काय मांडलंय इथं?"

मी शेजारचा फलक उगाच सरळ करत राहिले. आम्ही बौद्ध. धर्मांतराआधी माझे आजोबा गावची येसकरकी करायचे. घुंगरांची काठी आपटत गावभर निरोप पोचवायचे आणि त्याबदल्यात दारोदार भाकर मागायचे. जमवायच्या वस्तूंची यादी करताना सहकाऱ्याने 'येसकराची काठी' असं लिहिलं होतं. ते मी पेनाने खोडलं होतं. का खोडलं हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माझं आडनाव माहीत होतं.

म्हातारी रागाने फासा न घेताच निघून गेली. तो मी त्याच दिवशी उतरवला आणि दुसऱ्या दिवशी वस्तीवर घेऊन गेले. ती बाजेवर बसली होती.

"पोरीचं मला कळतं," ती म्हणाली. "नवी नोकरी हाय, भ्या वाटतं. तू तर लई बोलत हुतीस. मंग एका सवालात तुजं तोंड कावून मिटलं?"

नियमाचं कारण पुढे करता आलं असतं. पण मला लाज वाटत होती, म्हणून खरं ते सांगितलं. यादीतलं खोडलेलंही सांगितलं.

"कुटं हाय ती काठी?"

"आजोबांनी जाळली. बौद्ध झाल्यावर स्वतःच्या हाताने चुलीत घातली." हे सांगताना माझा आवाज चढला. आमच्या घरात या गोष्टीचा अभिमान आहे.

"मंग त्येच लिव की," म्हातारी म्हणाली. "जाळली म्हनून लिव." फासा तिने फडक्यात गुंडाळला. "ह्यो ऱ्हाऊ दे हितंच. पोरगी हो म्हनंल तवा ने."

परत येऊन लिहायला बसले. तीन ओळींचा फलक. असे फलक मी एका बैठकीत दहा लिहिते, हा संध्याकाळपर्यंत जमेना. आधी लिहिलं, 'या समाजातील काही कुटुंबांनी'. खोडलं. मग 'एका येसकराने'. तेही खोडलं. शेवटी 'माझ्या आजोबांनी' असं लिहिलं आणि पुन्हा न वाचता छापायला पाठवलं.